अकरा हजार मैलांची वाट

वर्गातील पृथ्वीचा गोल समोर घ्यावा. त्यावर लंडन शहर शोधून तेथे एका दोऱ्याचे टोक धरावे. दुसरे टोक ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहरावर टेकवावे आणि दोरा ताणावा. तो ज्या मार्गाने गोलाला चिकटून बसतो, तोच या दोन शहरांमधील सर्वांत जवळचा आकाशमार्ग होय. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली रेषा सरळ दिसते खरी. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे दूरच्या दोन गावांमध्ये ती रेषा सर्वांत आखूड असतेच असे नाही. आपल्या दोऱ्याची लांबी मोजून ती पृथ्वीच्या प्रमाणात वाढविली, तर लंडन ते डार्विन हे अंतर सुमारे १३,८५० किलोमीटर भरते.

पण हे अंतर दोऱ्याचे झाले. दोऱ्याला भूक लागत नाही, झोप येत नाही आणि त्याचे पेट्रोलही संपत नाही. वाटेत डोंगर आला, वादळ आले, तरी त्याला त्याचे काय! माणसाने हेच अंतर तोडावयाचे म्हटले, म्हणजे पेट्रोल मिळेल तेथे उतरावे लागते, समुद्र टाळावा लागतो, डोंगर ओलांडावे लागतात. म्हणूनच सन १९३० च्या मे महिन्यात सव्वीस वर्षांची एक तरुणी लंडनहून डार्विनला एकटी उडत गेली, तेव्हा तिला १३,८५० नव्हे, तर सुमारे १७,७०० किलोमीटर, म्हणजे ११,००० मैल आक्रमावे लागले. तिच्यापूर्वी कोणत्याही स्त्रीने ही वाट एकटीने पार केली नव्हती. या धाडसी तरुणीचे नाव ॲमी जॉन्सन.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. तिच्या घरी मासळीचा मोठा व्यापार होता. चार बहिणींत ती सर्वांत थोरली. शाळेत असताना तिला घरात बसून खेळावयाच्या खेळांपेक्षा मैदानी खेळ अधिक आवडत. एकदा क्रिकेट खेळताना चेंडू तोंडावर बसून तिचा पुढचा दात तुटला. पण तेवढ्याने मैदानाशी असलेले तिचे नाते तुटले नाही. पुढे शेफील्ड येथील विद्यापीठातून अर्थशास्त्र हा विषय घेऊन तिने पदवी मिळविली. त्या काळी पदवीधर झालेल्या मुली फार थोड्या. तरीही मनाजोगे काम तिला सहजासहजी मिळाले नाही. शेवटी ती लंडनला आली आणि एका वकिलांच्या कचेरीत टंकलेखनाचे व पत्रव्यवहाराचे काम करू लागली.

तत्पूर्वी १९२६ साली तिच्या गावी एक विमान आले होते. पाच शिलिंग दिले, की ते हौशी लोकांना चार घटका आकाशात फिरवून आणीत असे. ॲमी आपल्या बहिणीसह त्यात बसली. ती फेरी इतकी लहान होती, की तिने ॲमी मुळीच भारावून गेली नाही. मात्र कुठे तरी मनात बीज पडले असावे. पुढे लंडनमध्ये एके दिवशी ती सहज म्हणून स्टॅग लेन नावाच्या विमानतळावर गेली. तेथे विमाने उडताना व उतरताना तिने पाहिली आणि आपणही हे शिकावयाचे, असे तिच्या मनाने घेतले. कचेरीच्या पगारातून पैसे वाचवून सन १९२८ मध्ये तिने उड्डाणाचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ॲमी ही काही उपजतच कुशल वैमानिक नव्हती. तिच्या पहिल्या शिक्षकाला तर तिच्या अंगी हे कौशल्य कधी येईल असे वाटेना. इतर विद्यार्थी जितक्या तासांच्या शिक्षणानंतर एकट्याने विमान उडवीत, त्याहून अधिक तास तिला लागले. विमान जमिनीवर अलगद टेकविणे तर तिला फार दिवस साधत नव्हते. पण जे साधत नाही, ते पुन्हा पुन्हा करावयाचे, हा तिचा बाणा होता. १९२९ साली तिला वैमानिकाचा परवाना मिळाला.

एवढ्यावर ती थांबली नाही. आकाशात यंत्र बिघडले, तर तेथे कोणी कारागीर भेटावयाचा नाही, हे तिला ठाऊक होते. म्हणून पहाटे लवकर आणि कचेरी सुटल्यावर ती विमानांच्या कारखान्यात जाऊन बसू लागली. प्रथम तेथील कारागिरांना हे विचित्र वाटले. नीटनेटके कपडे घालून कचेरीत जाणारी मुलगी यंत्राच्या काजळीत हात घालते, याचे त्यांना नवल वाटे. पण इंजिन खोलणे, साफ करणे, पुन्हा जुळविणे ही सर्व कामे ती मनापासून करते, असे दिसल्यावर त्यांनी तिला आपल्यात घेतले आणि जॉनी हे मुलाचे नाव तिला बहाल केले. कारखान्याचे मुख्य अभियंते जॅक हम्फ्रीज हे तर तिचे गुरूच झाले. १९२९ सालच्या डिसेंबर महिन्यात विमानदुरुस्तीचा अधिकृत परवाना तिने मिळविला. असा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय.

आता तिच्या मनात एक मोठा बेत आकार घेऊ लागला. बर्ट हिंक्लर नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ साली लंडन ते डार्विन हा प्रवास एकट्याने साडेपंधरा दिवसांत केला होता. आपण त्याहून कमी दिवसांत जावयाचे, असे ॲमीने ठरविले. ज्यांनी ज्यांनी हे ऐकले, त्यांना ते वेड वाटले, आणि त्यात त्यांची चूक होती असेही म्हणता येत नाही. कारण तोपर्यंत तिने आकाशात सारे मिळून शंभर तासही घालविले नव्हते, आणि तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून आपल्या गावी, हलला जाणे. अंतर सुमारे २४० किलोमीटर. त्याच्या सत्तरपटींहून मोठे अंतर तोडण्यास ही मुलगी निघाली होती.

पैशासाठी तिने अनेक थोरामोठ्यांना पत्रे लिहिली. पुष्कळांनी उत्तरे दिली नाहीत, काहींनी नकार कळविला. शेवटी तेलाचे मोठे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड तिच्या साहाय्याला आले. विमानाच्या किमतीचा अर्धा वाटा त्यांनी उचलला, उरलेला अर्धा तिच्या वडिलांनी दिला. वाटेतील मुक्कामांवर पेट्रोल मिळण्याची व्यवस्थाही वेकफील्ड यांनी केली. सहाशे पौंडांना जिप्सी मॉथ जातीचे एक वापरलेले विमान विकत घेण्यात आले. वडिलांच्या मासळीच्या व्यापाराचे चिन्ह जेसन हे होते. तेच नाव ॲमीने विमानाला दिले.

आज आपण विमान म्हटले, म्हणजे धातूचा प्रचंड पक्षी डोळ्यांसमोर आणतो. जेसन तसे नव्हते. त्याचा सांगाडा लाकडी होता. त्याच्या पंखांवर कापड ताणून बसविलेले होते. वैमानिकाची बैठक उघडी होती. ऊन, वारा, पाऊस सारे अंगावर घ्यावे लागे. ताशी सुमारे १३० किलोमीटर एवढाच त्याचा वेग. त्यात बिनतारी संदेशयंत्र नव्हते, की हवामान सांगणारे कोणी नव्हते. होकायंत्र, घड्याळ आणि नकाशे एवढ्यांवरच सारा भरवसा. जादा पेट्रोलसाठी विमानात आणखी टाक्या बसविल्या होत्या, आणि त्यांतील पेट्रोल हातपंपाने वर चढवावे लागे. विमानाच्या नाकावर फिरणारा प्रॉपेलर मोडल्यास हाताशी असावा, म्हणून दुसरा एक प्रॉपेलर विमानाच्या अंगाला बांधून घेतला होता.

मार्ग आखताना ॲमीने फार धीट निर्णय घेतला. हिंक्लर इटली आणि उत्तर आफ्रिका यांच्यावरून लांबचा वळसा घेऊन गेला होता. ॲमीने नकाशावर सरळ रेषा ओढल्या. व्हिएन्ना, इस्तंबूल, अलेप्पो आणि बगदाद अशी तिची वाट होती. या वाटेने शेकडो मैल वाचत होते. मात्र तिच्यावर तुर्कस्तानातील उंच टॉरस पर्वत आडवा पडलेला होता. अंतर वाचवावयाचे, तर संकटाशी गाठ घ्यावी लागते, हे तिने जाणून घेतलेले होते.

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरून जेसन आकाशात उडाले. निरोप द्यायला तिचे वडील आणि थोडीशी मित्रमंडळी एवढीच माणसे होती. ही मुलगी कोण, हे त्या दिवशी लंडनमध्ये फारशा कोणाला ठाऊकही नव्हते. पहिल्याच दिवशी हातपंप गळू लागला. पेट्रोलच्या वासाने तिला मळमळू लागले. तरी सुमारे साडेबाराशे किलोमीटरांचा पल्ला गाठून सायंकाळी ती व्हिएन्नाला उतरली. दुसऱ्या दिवशी इस्तंबूल आले.

तिसऱ्या दिवशी टॉरस पर्वत पुढे उभा राहिला. शिखरांवरून जावे, तर वर दाट ढग साचलेले. शेवटी खालच्या खिंडीतून जाणाऱ्या लोहमार्गाचा माग काढीत तिने विमान दोन कड्यांच्या मधून नेले. एका वळणावर ढगात शिरलेले विमान बाहेर आले, तो समोर खडकाची भिंत! तिने क्षणात विमान वळविले. कड्याला पंख घासता घासता राहिला. अंगाला कापरे भरले असतानाही तिने लोहमार्ग सोडला नाही, आणि त्या दिवशी ती अलेप्पोला सुखरूप पोहोचली.

त्यापुढचा दिवस वाळवंटाचा होता. बगदाद जवळ येत असता अकस्मात वाळूचे वादळ उठले. विमान पाचोळ्यासारखे खाली-वर फेकले जाऊ लागले. डोळ्यांत वाळू, समोर अंधार. चाके जमिनीला केव्हा टेकली, हे तिला नीट समजलेही नाही. विमान थांबताच तिने खाली उडी घेतली, सामान चाकांना टेकवून ठेवले आणि इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून त्यावर कापड बांधले. मग वाऱ्याने विमान उलटू नये यासाठी ती त्याच्या शेपटीवर बसून राहिली. दूर कुत्री भुंकत होती. हातात पिस्तूल धरून ती सुमारे तीन तास तशीच बसली होती. वादळ निवळल्यावर तिने पुन्हा इंजिन चालू केले आणि बगदाद गाठले.

बगदादला उतरताना चाकाचा आधारदांडा मोडला. तो दुरुस्त करून ती इराणच्या किनाऱ्यावरील बंदर अब्बास येथे आली. तेथेही पुन्हा मोडतोड, पुन्हा दुरुस्ती. दिवसभर विमान चालवावे, रात्री हातात कंदील घेऊन इंजिन खोलून तपासावे, दोन-तीन तास झोप घ्यावी आणि पहाटे पुन्हा निघावे, हा तिचा नित्यक्रम होऊन बसला. कारखान्यातील काजळीत घालविलेले ते दिवस आता कामी येत होते. अशा रीतीने सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीला उतरली. हिंक्लरपेक्षा ती पूर्ण दोन दिवस पुढे होती! कालपर्यंत अज्ञात असलेल्या या मुलीचे नाव एका रात्रीत जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले.

आपल्या देशातही त्या वेळी विमानविद्येची पहाट होत होती. याच मे महिन्याच्या आरंभी जे. आर. डी. टाटा हा मुंबईचा तरुण अशाच एका जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून इंग्लंडच्या दिशेने एकटा निघाला होता. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्याच टाटांनी कराचीहून मुंबईला विमानाने टपाल आणले, आणि भारतातील विमानवाहतुकीचा पाया घातला.

कराचीहून ॲमीला एका दिवसात अलाहाबाद गाठावयाचे होते. पण समोरून येणाऱ्या वाऱ्याने विमानाची गती मंदावली आणि पेट्रोल संपत आले. राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीत लष्कराचे कवायतीचे मैदान दिसताच तिने तेथे विमान उतरविले. मैदान अपुरे पडले. विमान लष्करी इमारतींपर्यंत धावत गेले आणि त्याच्या पंखाला इजा झाली. तेथील सुतारांनी रातोरात पंख दुरुस्त करून दिला. दुसऱ्या दिवशी अलाहाबादवरून ती कलकत्त्यास पोहोचली.

आतापर्यंत तिने मिळविलेली आघाडी ब्रह्मदेशात संपली. १३ मे रोजी रंगूनजवळ मुसळधार पाऊस होता. उतरावयाचे ठिकाण सापडेना, म्हणून तिने इनसीन गावच्या तंत्रशाळेचे क्रीडांगण पाहून तेथे विमान उतरविले. ओल्या जमिनीवरून घसरत विमान एका खंदकात गेले. प्रॉपेलर मोडला, चाके निखळली, पंख फाटला. इतके दिवस सर्व संकटे धीराने सोसणारी ॲमी त्या वेळी मात्र रडू लागली.

पण तिच्या सुदैवाने ती ज्या मैदानात पडली होती, ते एका तंत्रशाळेचे होते. तेथील शिक्षक व विद्यार्थी धावून आले. त्यांनी मोडलेले भाग नव्याने घडविले. पंखाला लावण्यासाठी कापड हवे होते. तेव्हा कोणाला तरी आठवले, की पहिल्या महायुद्धातून उरलेले विमानाचे कापड गावात आले होते आणि त्याचे शर्ट शिवण्यात आले होते. ते शर्ट उसवून त्यांच्या पट्ट्या पंखावर बसविण्यात आल्या. कापड ताठ ठेवणारे रोगण गावातच तयार करण्यात आले. विमानाला बांधून आणलेला दुसरा प्रॉपेलर आता उपयोगी पडला. अहोरात्र खपून तीन दिवसांत जेसन पुन्हा उडण्याजोगे झाले. हिंक्लरचा विक्रम मात्र आता हातचा गेला होता.

येथून परत फिरली असती, तरी तिला कोणी नावे ठेवली नसती. कराचीपर्यंतचा विक्रम तिच्या नावावर होताच. परंतु विक्रम गेला, तरी वाट उरली होती, आणि ती पुरी करावयाची होती. १६ मे रोजी तिने रंगून सोडले. बँकॉक मागे पडले, सिंगापूर मागे पडले. पावसाळी ढगांतून वाट काढता काढता जावा बेटावर तिला उसाच्या एका मळ्यात उतरावे लागले. तेथे जमिनीत रोवलेल्या बांबूच्या खुंट्यांनी पंखांचे कापड फाटले. ॲमीने जखमेवर लावण्याच्या चिकटपट्ट्या मागवून घेतल्या आणि त्या पंखांवर चिकटवून ती पुढे निघाली! पुढे टिमोर बेटावर अंधार पडू लागल्यामुळे ती वारुळांनी भरलेल्या एका माळावर उतरली. एक संपूर्ण दिवस जगाला तिची काहीच बातमी नव्हती. ती समुद्रात बुडाली असावी, अशी भीती सर्वत्र पसरली. इकडे बेटावरील लोकांनी तिला आपल्या गावी नेऊन आसरा दिला होता.

शेवटचा टप्पा सर्वांत कठीण होता. टिमोर ते डार्विन सुमारे साडेसातशे किलोमीटर नुसता समुद्र. खाली उतरावयास वीतभरही जमीन नाही. सहा-साडेसहा तास एकाच इंजिनाचा आवाज ऐकत, त्यात कोठे बारीकसा फरक तर पडत नाही ना, याकडे कान लावून ती उडत राहिली. मध्यावर एक तेलवाहू जहाज तिच्यासाठी मुद्दाम थांबले होते. ते दिसताच आपली दिशा बरोबर असल्याची तिची खात्री झाली. २४ मे १९३० रोजी दुपारी डार्विनचा किनारा दिसू लागला, आणि प्रवासाच्या विसाव्या दिवशी जेसनची चाके ऑस्ट्रेलियाच्या भूमीला टेकली.

हिंक्लरपेक्षा तिला चार दिवस अधिक लागले होते. पण हे आता कोणाच्या लक्षातही राहिले नाही. एवढे अंतर एकटीने तोडणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली होती. ती इंग्लंडला परतली, तेव्हा तिला पाहण्यासाठी लाखो लोक रस्त्यांवर उभे होते. मे महिन्यात त्याच क्रॉयडनच्या मैदानावर मूठभर माणसे होती, हे आठवले, म्हणजे यशाचा महिमा कसा असतो ते कळते.

यानंतर दूरदूरच्या शहरांमधील अंतरे तोडणे हेच तिचे जीवन झाले. १९३१ साली आपले गुरू जॅक हम्फ्रीज यांच्यासह ती मॉस्कोवरून टोकियोला गेली. १९३२ साली लंडन ते केपटाऊन हा प्रवास तिने एकटीने सव्वाचार दिवसांत केला. या मार्गावरील पूर्वीचा विक्रम तिचे पती जिम मॉलिसन यांचा होता. तो तिने मोडला! १९३३ साली दोघे मिळून अटलांटिक महासागर ओलांडून गेले. पण न्यूयॉर्क अगदी जवळ आले असता पेट्रोल संपत आले, उतरताना विमान कोसळले आणि दोघेही जखमी झाले. १९३६ साली केपटाऊनचा प्रवास तिने पुन्हा केला, तो सव्वातीन दिवसांत. स्त्रियांनी यंत्रविद्या शिकावी, अशी तिची तळमळ होती. इंग्लंडमधील स्त्री अभियंत्यांच्या संस्थेची ती दोन वर्षे अध्यक्षाही होती.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले. विक्रमांचे दिवस संपले. १९४० साली ॲमी विमाने पोहोचविणाऱ्या एका सरकारी दलात दाखल झाली. कारखान्यातून निघालेली अथवा दुरुस्त झालेली विमाने लष्कराच्या तळांवर नेऊन द्यावयाची, हे त्या दलाचे काम. त्यात कसला विक्रम नव्हता, कोणी हार घालणारे नव्हते. रोज नवे विमान, रोज नवा तळ. जगाने डोक्यावर घेतलेली ही स्त्री ते साधे काम इतरांच्या बरोबरीने करीत राहिली.

५ जानेवारी १९४१ रोजी तिला ब्लॅकपूल येथून ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टन या तळावर एक विमान न्यावयाचे होते. अंतर सुमारे २४५ किलोमीटर; म्हणजे तिने नवशिकेपणी केलेल्या लंडन-हल प्रवासाएवढेच. तासा-दीड तासाचे काम. पण त्या दिवशी आकाश गोठलेल्या ढगांनी भरले होते आणि खालची जमीन दिसत नव्हती. तिची दिशा चुकली. किडलिंग्टनच्या पूर्वेस दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर, जेथे थेम्स नदी समुद्राला मिळते, तेथे दुपारी तिने हवाई छत्रीच्या साहाय्याने विमानातून उडी घेतली. ती बर्फासारख्या थंड पाण्यात पडली. जवळच नौदलाचे हॅसलमिअर नावाचे जहाज होते. खलाशांनी दोर टाकले, पण गारठलेल्या हातांनी ते तिला धरता येईनात. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी तिला वाचविण्यासाठी स्वतः त्या पाण्यात उडी घेतली. ॲमी हाती लागली नाही, आणि थंडीने गारठलेल्या फ्लेचर यांनाही आपले प्राण गमवावे लागले. ॲमीचा देह पुढे कधीच सापडला नाही. तेव्हा तिचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते.

अकरा हजार मैलांत जिची वाट चुकली नाही, तिची दीडशे मैलांत चुकावी, हे दैवाचे केवढे विलक्षण लीलाचरित्र! निसर्गापुढे कोणतेच अंतर लहान नसते, एवढे मात्र यावरून उमगते.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जेसन आजही जतन करून ठेवलेले आहे. २०१६ साली, तिच्या मृत्यूला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, हल येथे आणि जेथील समुद्रात ती बुडाली त्या हर्न बे गावी तिचे पुतळे उभारण्यात आले. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराहून लंडनपर्यंत मध्ये कोठेही न उतरता जाणारे विमान सुरू झाले. सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरांचे ते अंतर त्याने सुमारे सतरा तासांत तोडले. ॲमीला वीस दिवस लागलेली वाट प्रवाशांनी झोपेत पार केली. गोलावर ताणलेला दोरा आणि आकाशातील मार्ग आता पुष्कळ जवळ आले आहेत.

ते जवळ आले, ते आपोआप नव्हे. कोणी तरी आधी खिंडीतून वाट काढली, वादळात विमानाच्या शेपटीवर बसून रात्रीसारखी दुपार काढली, फाटलेल्या पंखाला शर्टाच्या पट्ट्या लावल्या आणि विक्रम हातचा गेल्यावरही पुढचा मुक्काम गाठला. दूरचे गाव एका झेपेत गाठता येत नाही. ते एकेका मुक्कामाने जवळ येते. ॲमी जॉन्सनने हेच आपल्या जीवनाने दाखवून दिले.

स्वाध्याय

१. लंडन ते डार्विन हे गोलावरील अंतर आणि ॲमीने प्रत्यक्ष तोडलेले अंतर यांत फरक का पडला?

२. विमान उडविता येऊ लागल्यावरही ॲमी विमानदुरुस्ती का शिकली? त्या ज्ञानाचा तिला कोठे कोठे उपयोग झाला?

३. इनसीन येथील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ॲमीला कसे साहाय्य केले?

४. हिंक्लरचा विक्रम मोडता येणार नाही, हे कळल्यावरही ॲमी पुढे गेली. तिचे हे करणे तुम्हांला योग्य वाटते काय? आपले मत सकारण लिहा.

५. वॉल्टर फ्लेचर यांच्या त्यागाविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.

६. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मुंबई ते लंडन हा सर्वांत जवळचा मार्ग शोधा. तो कोणत्या देशांवरून जातो, ते वहीत लिहा.